दीनाबाईंचं काचसामान

सावेडीतल्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत, एक लोखंडी मांडणी आहे. तिच्या कडेला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा एक तुकडा टांगलेला असे. त्यावर निळ्या शाईत दोनच शब्द : ‘धुतलेलं. दीना.’ तो पुठ्ठा दिसला की प्राध्यापकांपासून पोरासोरांपर्यंत कुणीही मांडणीवरचा फ्लास्क उचलायचं आणि न बघता कामाला लागायचं. एखादा नवा प्राध्यापक फ्लास्क उजेडाला धरून बघायला लागला तर बाकीचे त्याला हसत. दीनाबाईंनी धुतलंय म्हटल्यावर त्यात बघायचं काय?

दीना साळवे बत्तीस वर्षं तिथं परिचर होत्या. दुसऱ्यांनी घाण करायची आणि यांनी धुवायची. शास्त्र शास्त्र म्हणतात त्यातलं निम्मं काम भांडी घासण्याचं असतं, पण हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, कारण पुस्तकं लिहिणारे भांडी घासत नाहीत. या बत्तीस वर्षांत त्यांचे गुडघे गेले, बोटांच्या पेरांना बारमाही भेगा पडल्या. घरी नवरा गिदोन खुब्याच्या ऑपरेशननंतर काठी टेकत चालायचा, त्याचं सगळं उरकून त्या साडेनऊला मोरीपाशी उभ्या राहायच्या. आता एकतीस तारखेला त्या निवृत्त होणार होत्या. पुढे काय करणार, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “बसनार. नुसती बसनार.”

निरोपाच्या कार्यक्रमात प्राचार्य काय बोलणार हे ऑफिसातल्या क्लार्कनं त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. भाषणात एक वाक्य होतं : बत्तीस वर्षांत एकही तक्रार नाही. त्या वाक्याची मात्र त्या मनातून वाट बघत होत्या. माणूस कितीही दमलेला असला तरी असल्या एखाद्या वाक्यासाठी जागा ठेवतोच.

विभागात पीएच.डी. करणारी स्नेहल काकडे ही शेवगावकडची मुलगी. तिचं पाचवं वर्ष चालू होतं. तिचा विषय दीनाबाईंना बऱ्यापैकी समजायचा, कारण तो त्यांना कुणीतरी बसून सांगितलेला तेवढा एकच विषय होता. शेवगावच्या कोरडवाहू रानातल्या मातीतून तिनं एक जिवाणू वेगळा काढला होता आणि त्याला उपाशी ठेवलं की तो काय करतो ते तिला बघायचं होतं.

“उपाशी म्हंजे?” दीनाबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

“स्फुरद द्यायचा नाही, मावशी. फॉस्फरस म्हणतात तो. आपल्या पिकाला लागतो तोच स्फुरद. भरपूर मिळाला ना, की हे लेकाचे आळशी असतात. एक साधं दार उघडं ठेवतात, येईल तेवढा येतो. पण उपाशी ठेवले की बघा. बाहेरच्या भिंतीला नवी खिडकी पाडतात. बाहेरची भिंत आणि आतली भिंत यांच्यामध्ये एक बोळ असतो, त्या बोळात माणसं उभी करतात.”

“मानसं?”

“प्रथिनं हो. त्यांना एकच काम. स्फुरदाचा कण बोळात शिरला की झडप घालून धरायचा आणि आतल्या भिंतीत जो पंप बसवलेला असतो, त्याच्या हवाली करायचा. पंप त्याला आत ओढतो. तेही फुकट नाही, अंगातली ताकद खर्चून ओढतो. पोटात काही नसताना आहे ती ताकद घालवायची, पण कण सोडायचा नाही.”

“अन् कनच न्हाई आला तर?”

“मग कात्री काढतात. दुसऱ्या कशात स्फुरद अडकलेला असला तर तो कापून घेतात. ती कात्री निघाली की माझ्या नळीत पिवळा रंग येतो. पिवळं झालं की समजायचं, पोरं उपाशी आहेत.”

“पाप लागंल गं तुला,” दीनाबाई म्हणाल्या होत्या, आणि दोघी हसल्या होत्या. तेव्हा स्नेहल हसायची.

तिनं एकच अट घातली होती. काचसामानाला साबण अजिबात लावायचा नाही. साबणाच्या पावडरीत स्फुरद असतो आणि पिठात मिठाएवढा जरी राहिला तरी जिवाणू पंप बसवत नाहीत. ॲसिडमध्ये रात्रभर बुडवायचं, मग शुद्ध पाण्यानं सहा वेळा विसळायचं. दीनाबाईंनी शब्द दिला आणि तो तंतोतंत पाळला. तिच्या फ्लास्कला त्यांनी साबणाचं बोट लावलं नाही. पण ॲसिडनं काच स्वच्छ झाली तरी जुनी काच ती जुनीच, धुरकट दिसायची. दीनाबाईंना ते बघवायचं नाही. त्यांची आई मिशनच्या दवाखान्यात कंदिलाच्या काचा राखेनं घासायची, त्यांनीही तेच केलं. मिरजगावला भावाकडे अजून अंघोळीचं पाणी गवऱ्यांवर तापायचं. तिथून राख आणायची, ती फडक्यातून गाळायची आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून मोरीच्या वर ठेवायची. ॲसिडमधून काढलेल्या फ्लास्कला राखेचा एक हात द्यायचा आणि मग सांगितल्याप्रमाणे सहा वेळा विसळायचं. काच कशी आरशासारखी दिसायची. राख म्हणजे काही साबण नव्हे. हे स्नेहलला सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. भांडं कसं घासलं हे कुणी कुणाला सांगतं का?

तीन वर्षं झाली, पिवळा रंग काही येईना. स्नेहलनं पाणी तपासलं, क्षार तपासले, जिवाणू वाढवायचं बाटलीतलं माध्यम तपासलं. सगळं ठीक. रिकामा फ्लास्क तेवढा तपासला नाही, कारण त्यावर दीनाबाईंचा पुठ्ठा होता. मधे गेल्या वर्षी फेब्रुवारीत अकरा दिवस नळ्या पिवळ्याजर्द झाल्या. स्नेहलनं पेढे आणले. मार्चमध्ये पुन्हा सगळं पाण्यासारखं. तेव्हापासून ती कमी बोलायला लागली, डबा न खाता परत न्यायला लागली.

वीस तारखेला, शुक्रवारी, तिचे मार्गदर्शक घुले सर मागच्या खोलीत आले. सर तसे वाईट नव्हते. कॉलेजच्या तपासणीच्या फायली, परीक्षा आणि मीटिंगा यांत पिचलेला माणूस. खुर्चीत बसले आणि स्नेहलची वही उलटीपालटी करू लागले. कोपऱ्यात दीनाबाई फ्लास्कची टोपली घेऊन उभ्या होत्या, पण त्यांच्यासमोर काय बोलावं आणि काय नाही, असा प्रश्न कुणालाच कधी पडत नसे.

“तीस तारखेला तुझ्या पीएच.डी.ची समिती आहे. आता मुदतवाढ मिळणार नाही. तू सरळ लिही की या जिवाणूत उपासमारीचा पंपच नाही.”

“सर, आहे तो. फेब्रुवारीत आला होता.”

“तीन वर्षांत अकरा दिवस?” सरांनी वही मिटली. “स्नेहल, असे आकडे येत नसतात. आणले जातात. मी काही म्हणत नाही, पण समिती म्हणेल. फेब्रुवारी काढून टाक, नाहीतर मी सही करणार नाही.”

सर गेले. स्नेहल रडली नाही. बराच वेळ स्टुलावर बसून राहिली आणि मग खाली बघतच तिनं विचारलं, “मावशी, कधी चुकून साबण नाही ना लागला?”

“न्हाई गं पोरी. साबनाला हात न्हाई लावला म्या.”

“माहितीय मला. उगाच विचारलं.”

रविवारी चर्चमधून परस्पर माळीवाडा स्टँडवर जाऊन दीनाबाईंनी मिरजगावची एसटी धरली. शेवटच्या आठवड्याला राख संपत आली होती, आणि शेवटच्या आठवड्यात काचा धुरकट ठेवून जाणं त्यांना पटण्यासारखं नव्हतं. धाकटा भाऊ डॅनी घरामागच्या वांग्यांच्या वाफ्यात होता. वाफा सगळा पांढुरका दिसत होता.

“अक्का, आवंदा राख न्हाई मिळायची,” त्यानं लांबूनच सांगितलं.

“का रं? चूल मोडली का?”

“चूल हाय की. पन राख समदी हितं वतली. माती तपासून आनली म्या. स्फुरद कमी हाय म्हनला त्यो सायेब. मंग म्या इच्यारलं, आमी राख टाकतो ती वाया जाती का काय? तर म्हनला, न्हाई, टाका. गवऱ्याच्या राखंत पालाश लई असतोय, अन् थोडा स्फुरद बी असतोय.”

दीनाबाई वाफ्याच्या कडेला खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी जमिनीवर बसत नसत.

“काय असतंय म्हनला?”

“स्फुरद गं.”

“किती?”

“आता त्ये मला काय म्हाईत? थोडा म्हंजे थोडा.” डॅनी हात झटकत जवळ आला. “काय झालं? चक्कर आली का? अगं, येक डबाभर ऱ्हायलीय चुलीपाशी, ती ने. तोंड कशाला पाडती एवढ्याशा राखंसाठी?”

परतीच्या एसटीत मांडीवर श्रीखंडाचा डबा घेऊन त्या खिडकीशी बसल्या होत्या. पिठात मिठाएवढा. आणि मग फेब्रुवारी त्यांच्या ध्यानात आला. गेल्या वर्षी फेब्रुवारीतच गिदोनचा खुबा मोडला होता. त्या रजेवर होत्या. दवाखान्यात त्याच्या उशापाशी बसल्या होत्या आणि स्नेहलनं स्वतःचे फ्लास्क स्वतःच धुतले होते. पोरगी तीन वर्षं जिवाणूंना उपाशी ठेवत होती आणि दीनाबाई मागच्या दारानं त्यांना जेवायला वाढत होत्या. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, तसली गत. फक्त यात आंधळं कोण आणि कुत्रं कोण, हे लावत बसायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

सोमवारी सकाळी त्या नेहमीसारख्या साडेनऊला मोरीपाशी उभ्या राहिल्या. खोटं कशाला सांगा, गप्प बसावं असं त्यांना वाटलं. आठ दिवसांचा प्रश्न होता. राखेचा डबा गटारात रिकामा केला असता तर देवाशिवाय कुणाला कळलं नसतं, आणि देव काही कॉलेजच्या समितीवर नव्हता. प्राचार्यांनी ते वाक्य वाचलं असतं, शाल मिळाली असती आणि त्या घरी जाऊन बसल्या असत्या. पण बसून काय दिसलं असतं? स्टुलावर मान खाली घालून बसलेली ती पोरगी. ‘माहितीय मला, उगाच विचारलं,’ म्हणालेली.

त्यांनी डबा नेऊन स्नेहलच्या टेबलावर ठेवला.

“ही राख हाय. गवऱ्याची. ॲसिडनंतर म्या तुझे फ्लास्क हिच्यानं घासते. पहिल्यापासनं. हिच्यात स्फुरद असतोय, मला काल कळलं.”

स्नेहलनं डब्याचं झाकण काढलं. मग तिनं चिमूटभर राख पाण्यात ढवळली, गाळली आणि त्यात दोन औषधांचे थेंब टाकले. स्फुरद असला की ते पाणी निळं होतं. ते निळंशार झालं. मग तिनं मांडणीवरून एक चकचकीत फ्लास्क उचलला, त्यात जरासं शुद्ध पाणी घालून खूप वेळ हलवलं आणि त्या पाण्यातही तेच थेंब टाकले. दोघी वाट बघत उभ्या राहिल्या. छटा अगदी पुसट होती. पण निळीच होती.

“सहा येळा विसळत हुते गं,” दीनाबाई म्हणाल्या.

“तीन वर्षं, मावशी,” स्नेहल म्हणाली. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. “तीन वर्षं मला वाटत होतं, माझ्याच हातात काहीतरी खोट आहे.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं दीनाबाईंना वाटलं.

घुले सरांना बोलावलं. त्यांनी निळी नळी बघितली, राख बघितली, चष्मा काढून डोळे चोळले. मग दीनाबाईंना म्हणाले, “आठ दिवस राहिलेत तुमचे. कशाला आता? काचसामानात दोष होता असं मी समितीला मोघम सांगतो. तुमचं नाव नको यात.”

“मोघम सांगून फेब्रुवारी खरा ठरतुया का, सर?”

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तिला तुमी खोटी म्हनला तवा म्या हितंच उभी हुते,” दीनाबाई म्हणाल्या. “कागद द्या. म्या लिहून देते.”

आणि त्यांनी लिहून दिलं. मी, दीना गिदोन साळवे, परिचर. कुठल्या तारखेपासून राख लावली, ती कुठून आणली, फेब्रुवारीत रजेवर कधी गेले, परत कधी आले. फ्लास्कला साबण लावला नाही हेही लिहिलं, कारण तेही खरं होतं. खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःविरुद्ध तक्रार दिली होती, आणि ती शुद्ध अक्षरात, खाडाखोड न करता.

दुपारी त्या नवं ॲसिड ओतायला गेल्या तेव्हा स्नेहल हातमोजे घालून आधीच मोरीपाशी उभी होती.

“राहू द्या, मावशी. मी धुते.”

“राख न्हाई लावनार आता.”

“मी धुते,” ती पुन्हा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दीनाबाईंनी मान वर करून बघितलं तर मांडणीच्या कडेला नुसता दोरा लोंबत होता. पुठ्ठा तिनं काढला होता.

त्यानंतरचे दिवस दीनाबाई खरोखरच बसून होत्या. इतकी वर्षं मागितलेलं बसणं मिळालं होतं आणि ते अंगावर येत होतं. मोरीतून पाण्याचा आवाज यायचा. नवशिक्या हातांनी फ्लास्क एकमेकांवर आपटायचे, आणि प्रत्येक आवाजाला त्या अर्ध्या उठायच्या आणि परत बसायच्या. घरी गिदोननं विचारलं, “जेवत का नाहीस?” त्या म्हणाल्या, “भूक न्हाई.”

शुक्रवारी दुपारी स्नेहलनं आतून हाक मारली. “मावशी.” एवढंच. त्या गुडघ्यांवर हात टेकत गेल्या. लाकडी घोडीवर बारा नळ्या उभ्या होत्या आणि बाराही पिवळ्या. झेंडूच्या पाकळीसारखा पिवळा. म्हणजे आत त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी खिडक्या पाडल्या होत्या, बोळात माणसं उभी केली होती, पंप चालू झाला होता, कात्र्या निघाल्या होत्या. एवढा सगळा संसार पहिल्यापासून त्यांच्याजवळ होता आणि केवळ दीनाबाईंच्या स्वच्छतेमुळे त्यांना तो मांडावा लागला नव्हता. दीनाबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना लाज वाटली. त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “लई उपाशी हायेत गं.”

“हो,” स्नेहल म्हणाली. “फेब्रुवारी खरा होता.” आणि मग इतक्या वर्षांनी ती रडली, टेबलावर डोकं टेकून. दीनाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागे घेतला.

तीस तारखेला समितीनं दीनाबाईंचा कागद वाचला, जुन्या नि नव्या नळ्यांचे आकडे शेजारी ठेवून बघितले आणि फेब्रुवारी मान्य केला. मिळणार नाही म्हटलेली मुदतवाढही एक वर्षाची दिली. म्हणजे तीन वर्षांचं काम पुन्हा एका वर्षात करायचं. स्नेहलला कुणी अभिनंदन म्हटलं नाही आणि तिनंही पेढे आणले नाहीत.

एकतीसला निरोपाचा कार्यक्रम झाला. प्राचार्यांनी शाल दिली, नारळ दिला, दीनाबाई कष्टाळू होत्या असं सांगितलं. ते वाक्य भाषणात नव्हतं. दीनाबाई त्याची वाट बघत नव्हत्या असं म्हणता येणार नाही. शेवटच्या नमस्कारापर्यंत त्या कान देऊनच होत्या.

कार्यक्रम आटोपल्यावर त्या श्रीखंडाचा डबा न्यायला मागच्या खोलीत गेल्या. स्नेहल मोरीपाशी उभी होती. हातमोजे फाटून ॲसिड आत गेलं होतं आणि तिच्या बोटांची पेरं लाल होऊन चिरली होती. दीनाबाईंच्या हातांसारखीच. तिनं नुसती टोपली त्यांच्याकडे सरकवली. त्यात ॲसिडमधून काढलेले सहा फ्लास्क होते.

“एवढे धुऊन द्या, मावशी. माझे हात चालत नाहीत.”

दीनाबाईंनी शाल खुंटीला अडकवली. टोपलीतून एकेक फ्लास्क काढला, एक, दोन, तीन मोजत सहा वेळा विसळला आणि मांडणीवर पालथा घातला. राखेच्या डब्याकडे त्यांचा हात दोनदा गेला आणि दोनदा परत आला. सहाही फ्लास्क धुरकट दिसत होते. बत्तीस वर्षांत असली काच त्यांनी मांडणीवर ठेवली नव्हती.

“बरे न्हाई दिसत गं,” त्या म्हणाल्या.

स्नेहलनं कोटाच्या खिशातून पुठ्ठ्याचा तो तुकडा काढला आणि लोंबणाऱ्या दोऱ्याला बांधला. बोटं दुखत असल्यामुळे गाठ मारायला तिला वेळ लागला. दीनाबाईंनी शेवटचा फ्लास्क उचलून उजेडाला धरला, कुठं काही राहिलं तर नाही म्हणून. स्नेहलनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि ती न बघता कामाला लागली.